'टाकी सुस्थितीत आहे' म्हणजे नेमके काय?

देशात कुठेही एखाद्या रासायनिक कारखान्यात गळती झाली, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते: 'साठवण टाकीची नियमानुसार तपासणी झालेली होती.' या वाक्यावर संतापणारे पुष्कळ जण ते खोटे आहे असे समजून संतापतात. मला ते बहुतेक वेळा खरेच असावे असे वाटते. तपासणी झालेली असते, कागद असतो, कागदावर सही आणि शिक्काही असतो. माझा आक्षेप त्या कागदावर काय मोजले गेले आणि काय मोजलेच गेले नाही, याबद्दल आहे. हा आक्षेप राजकीय नाही, मापनशास्त्राचा आहे. म्हणूनच विज्ञानाच्या विद्यार्थ्यांपुढे तो मांडावासा वाटतो.

सुरुवात भोपाळपासून करू. त्या दुर्घटनेविषयी आपण इतके ऐकलेले असते की तिच्यातील साधी भौतिक वस्तुस्थिती नजरेआड होते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ज्या टाकीतून मिथिल आयसोसायनेट बाहेर पडले, ती ई-६१० क्रमांकाची टाकी फुटली नव्हती. तिच्या स्टेनलेस स्टीलला भोक पडले नव्हते, जोड उसवले नव्हते. आत पाणी शिरले, उष्मादायी अभिक्रिया भडकली, दाब वाढला, सुरक्षा झडप उघडली आणि सुमारे ४० टन साठ्यातील बहुतांश विष नळीवाटे आकाशात गेले. पोलादाने आपले काम चोख केले. त्या दिवशी सकाळी कोणी टाकीच्या भिंतीची जाडी मोजली असती, तर टाकी 'सुस्थितीत' ठरली असती.

मात्र तीच टाकी कित्येक आठवड्यांपासून वेगळ्या भाषेत आपली अवस्था सांगत होती. ऑक्टोबर १९८४ च्या अखेरीपासून तिच्यात नायट्रोजनचा दाब टिकत नव्हता. दाब टिकत नाही याचा अर्थ कुठली तरी झडप अथवा जोड गळत आहे, आणि जे बाहेर जाऊ शकते ते आतही येऊ शकते. मिथिल आयसोसायनेट ३९ अंश सेल्सियसला उकळते. ते थंड ठेवणारी शीतयंत्रणा त्याच वर्षाच्या मध्यापासून बंद होती. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणारी नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. आता सांगा, ई-६१० ही टाकी सुरक्षित होती का? भिंतीला विचाराल तर होय. टाकी ज्या व्यवस्थेचा भाग होती त्या व्यवस्थेला विचाराल तर अजिबात नाही.

भोपाळ जुने झाले, असे कोणी म्हणेल. मग विशाखापट्टणम पाहा. ७ मे २०२०, पहाटे तीनच्या सुमारास, आर. आर. वेंकटापुरम. टाळेबंदीत दीड महिना बंद असलेल्या एलजी पॉलिमर्सच्या कारखान्यातील एम-६ या टाकीतून स्टायरीनची वाफ बाहेर पडली आणि झोपेत असलेल्या वस्तीवर पसरली. बारा माणसे गेली, शेकडो रुग्णालयात दाखल झाली. टाकी इथेही फुटली नव्हती. वाफ छतावरच्या उघड्या तोंडांतून बाहेर आली.

स्टायरीन हे स्वतःशीच अभिक्रिया करणारे द्रव आहे. त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन पॉलिस्टायरीन बनते आणि या बहुवारिकीकरणात उष्णता बाहेर पडते: प्रत्येक मोलमागे सुमारे ७० किलोजूल. ही सगळी उष्णता आतच अडकली, तर द्रवाचे तापमान तीनशे अंशांहून अधिक वाढू शकते. स्टायरीन उकळते १४५ अंशांना. अभिक्रिया रोखून धरण्यासाठी त्यात अत्यल्प प्रमाणात तृतीयक-ब्युटिल कॅटेकॉल हे रोधक घालतात. ते हळूहळू खर्च होते आणि काम करण्यासाठी त्याला द्रवात विरघळलेला ऑक्सिजन लागतो. शिवाय ते सहसा वाफेत जात नाही, त्यामुळे छताला लागून थेंबरूप झालेले स्टायरीन रोधकाविनाच असते.

आता यात भूमिती मिसळा. उष्णता द्रवाच्या संपूर्ण घनफळात निर्माण होते, पण बाहेर जाते ती पृष्ठभागावाटे. टाकीची सर्व मापे दुप्पट केली, तर उष्णता निर्माण करणारे द्रव्य आठपट होते आणि ती बाहेर टाकणारा पृष्ठभाग चौपटच वाढतो. प्रयोगशाळेतील बाटलीत निरुपद्रवी असलेले द्रव मोठ्या टाकीत तसेच वागेल, हे गृहीतकच चुकीचे आहे. त्यातही अभिक्रियेचा वेग तापमानाबरोबर घातांकी वाढतो आणि शीतकरणाचा वेग साधारण सरळ रेषेत. हे दोन आलेख जिथे एकमेकांपासून सुटतात, तिथून पुढे माणसाच्या हातात फार थोडे उरते.

आंध्र प्रदेश शासनाच्या उच्चाधिकार समितीने जुलै २०२० मध्ये दिलेला अहवाल या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. तापमानाचा मापक टाकीच्या तळाशी होता. वरचा थर किती तापला आहे हे कळण्याची सोयच नव्हती. डिसेंबर २०१९ मध्ये नळ्यांच्या रचनेत बदल केल्यामुळे द्रवाचे अभिसरण बिघडले होते. शीतयंत्रणा दिवसा चालवून संध्याकाळी बंद केली जाई. रोधकाचा साठा पुरेसा नव्हता. आणि धोक्याचा भोंगा असूनही तो वाजवला गेला नाही. यातील एकही गोष्ट पत्र्याची जाडी मोजून कळली नसती.

म्हणजे आपल्या देशातील या दोन दुर्घटनांत पोलाद टिकले आणि माणसे मेली. तरीही 'टाकीची सुस्थिती' म्हटले की आजही डोळ्यांपुढे पोलादच येते, आणि प्रमाणपत्रही प्रामुख्याने पोलादाचेच असते.

बरे, निदान पोलाद तरी आपण नीट मोजतो का? जाडी मोजण्याचे तत्त्व सुंदर आहे. श्राव्यातीत ध्वनीचा स्पंद पत्र्यात सोडायचा, तो मागच्या बाजूवर आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर असतो, म्हणून १० मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून प्रतिध्वनी परतायला सुमारे ३.४ मायक्रोसेकंद लागतात. उपकरणाच्या पडद्यावर दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा उमटतो. तो आकडा पाहून समाधान वाटते आणि तिथेच फसगत होते.

समजा, टाकीचा व्यास ३० मीटर आहे. तिच्या तळाचे क्षेत्रफळ साधारण ७०७ चौरस मीटर भरते. मोजणीच्या शोधकाचे तोंड १० मिलिमीटर व्यासाचे धरू. शंभर ठिकाणी मोजणी केली, तर प्रत्यक्ष तपासलेला भाग एकूण तळाच्या सुमारे नव्वद हजारांतील एक इतकाच असतो. उरलेल्या भागाबद्दल आपण अनुमान काढतो. पत्रा सगळीकडे सारखा झिजत असेल तर ते अनुमान योग्य. पण टाक्यांचे तळ अनेकदा तसे झिजत नाहीत. तिथे खड्डे पडतात: शेजारचा भाग नव्यासारखा आणि मध्येच नखाएवढ्या जागेत आरपार जाऊ पाहणारे क्षरण. गळती सरासरी जाडीतून होत नाही, सर्वांत खोल खड्ड्यातून होते. सरासरीचे संख्याशास्त्र आणि टोकाच्या मूल्यांचे संख्याशास्त्र ही दोन वेगळी शास्त्रे आहेत, हे पदव्युत्तर वर्गात शिकवले जाते. प्रमाणपत्र लिहिताना ते विसरले जाते.

दुसरे उदाहरण घ्या. पाच वर्षांपूर्वी एका ठिकाणी जाडी ९.८ मिलिमीटर होती, आज ९.६ आहे. झीज ०.२, म्हणजे वर्षाला ०.०४ मिलिमीटर. किमान ६ मिलिमीटर जाडी आवश्यक असेल, तर उरलेले आयुष्य ९० वर्षे! किती छान. आता प्रत्येक मोजणीत ०.२ मिलिमीटरची प्रमाणित अनिश्चितता धरा. खरबरीत पृष्ठभाग, उन्हाने तापलेला पत्रा, रंगाचे थर हे सगळे असताना ती अवाजवी म्हणता येणार नाही. साध्या पद्धतीने मोजताना पाव मिलिमीटर रंगच अर्ध्या मिलिमीटरहून अधिक पोलाद म्हणून मोजला जाऊ शकतो. तेव्हा झिजेच्या वेगातील अनिश्चितता सुमारे ०.०६ निघते. वेगाहून त्याची अनिश्चितता मोठी! दोन प्रमाणित विचलने धरली, तर झीज वर्षाला ०.१५ मिलिमीटरही असू शकेल आणि आयुष्य २४ वर्षांवर येईल. ९० आणि २४ हे दोन्ही आकडे त्याच दोन मोजण्यांतून निघाले आहेत. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने प्रयोगवहीत त्रुटीचा अंदाज न देता उत्तर लिहिले, तर आपण गुण कापतो. हजारो टन ज्वालाग्राही द्रवाशेजारी राहणाऱ्या वस्तीला मात्र आपण त्रुटीविना दिलेला आकडा खुशाल देतो.

इथे एक अनुभव सांगते. डॉक्टरेटच्या काळात माझा विषय घन पदार्थांतील ध्वनिलहरींशी संबंधित होता, म्हणून एका कारखान्याच्या टाक्यांच्या आवारात काही दिवस मोजणी पाहायला मिळाली. तिथल्या नोंदवहीत एका टाकीच्या लागोपाठच्या तीन तपासण्यांचे आकडे होते. बारा ठिकाणांपैकी अकरा ठिकाणी तिन्ही वेळचे आकडे दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत एकसारखे होते. त्याच जागी लगेच पुन्हा मोजले तरी शेवटचा अंक बदलतो, आणि इथे मध्ये वर्षे लोटली होती. मी विचारले तेव्हा मोजणी करणारे वयस्क गृहस्थ काही लपवण्याच्या भानगडीत पडले नाहीत. म्हणाले, "मॅडम, वर जायची शिडी धड नाही. आणि संध्याकाळपर्यंत मला अजून तीन टाक्या संपवायच्या आहेत." त्यांचा मला राग आला नाही. राग आला तो मी ज्या क्षेत्रात वावरते त्याचा. इतकी वर्षे ती वही एखाद्या तरी वैज्ञानिकाच्या डोळ्यांखालून जायला हवी होती.

यावर एक उत्तर हमखास मिळते: आता नवे तंत्रज्ञान आले आहे. ते खरे आहे. तळाच्या पत्र्यात चुंबकीय क्षेत्र निर्माण करून खड्ड्यांपाशी बाहेर डोकावणारी क्षेत्ररेषांची गळती टिपता येते. त्यामुळे बहुतेक सगळा तळ झाडून काढता येतो, जरी खड्ड्याची नेमकी खोली त्यावरून ठरवणे अवघड असले तरी. टाकी न उघडता, भिंतीवर बसवलेल्या संवेदकांनी क्षरणाचे सूक्ष्म ध्वनी ऐकता येतात. ही कौशल्ये आपल्याकडे आहेत. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात बलदेव राज यांच्यासारख्यांनी अविनाशी चाचणीची उत्तम परंपरा उभी केली. कराईकुडीची केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्था क्षरणावर कित्येक दशके काम करत आहे. प्रश्न ज्ञानाच्या अभावाचा नाही. अणुभट्टीच्या नळीला जी काळजी मिळते, ती वस्तीलगतच्या अमोनियाच्या टाकीला का मिळू नये, हा प्रश्न आहे.

आणि संवेदक वाढवले म्हणजे सुरक्षा वाढली, हेही मला मान्य नाही. विशाखापट्टणमला तापमानमापक होताच. चुकीच्या जागी होता. इंग्लंडमधील बन्सफील्ड येथे ११ डिसेंबर २००५ रोजी पेट्रोलच्या टाकीची पातळी दाखवणारा मापक अडकून बसला. टाकी भरत राहिली, पडद्यावरचा आकडा स्थिर राहिला, पेट्रोल काठावरून वाहिले आणि वाफेचा प्रचंड स्फोट झाला. स्थिर आकडा दोन कारणांनी दिसतो: काही बदलत नाही म्हणून, किंवा मापक मेला आहे म्हणून. या दोहोंतील फरक विचारणारा माणूस नसेल, तर शंभर संवेदक लावून उपयोग नाही. जयपूरच्या सीतापुरा येथील इंडियन ऑइलच्या आगारात २९ ऑक्टोबर २००९ रोजी अकरा जणांचा बळी गेला. तिथेही टाकीचा पत्रा दोषी नव्हता. पेट्रोल दुसरीकडे पाठवण्याची जोडणी करताना झडपेतून पेट्रोल उसळले आणि दीर्घकाळ वाहत राहिले.

पोलादच दगा देते अशीही उदाहरणे आहेत, आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २ जानेवारी १९८८ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील फ्लोरेफ येथे डिझेलची एक टाकी पहिल्यांदाच पूर्ण भरत असताना फाटली आणि सुमारे ३८ लाख गॅलन इंधन सांडले. ती सुमारे चाळीस वर्षे जुन्या पोलादापासून पुन्हा उभारलेली होती. थंडीत ते पोलाद ठिसूळ झाले आणि जुन्या, लहानशा दोषापासून भेग एका क्षणात पसरली. पूर्ण उंचीपर्यंत पाणी भरून घ्यायची चाचणी घेतलेलीच नव्हती. जाडी पुरेशी होती. कमी पडला तो तडा रोखण्याचा चिवटपणा. अशा टाक्यांच्या तपासणीसाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे ६५३ क्रमांकाचे मानक १९९१ मध्ये प्रथम आले, त्यामागे ही घटना होती. आपल्याकडे तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचे टाकी-तपासणीचे मानक आहे. मानके आहेत, पण मानक पाळले असे लिहिणे आणि टाकीची अवस्था जाणणे यांत अंतर आहे. त्या अंतराची जबाबदारी आज कोणाचीच नाही.

माझ्या मते दोष तीन ठिकाणी आहे.

पहिला, तपासणाऱ्याचे मानधन ज्याची टाकी आहे तोच देतो. यात प्रत्येक जण भ्रष्ट आहे असा आरोप नाही. पण ज्याच्याकडून पुढच्या वर्षीचे काम मिळायचे आहे त्याला 'ठाऊक नाही' असे लिहून देणे अवघड असते, आणि प्रामाणिक मापनात हे दोन शब्द वारंवार लिहावे लागतात.

दुसरा, माहिती बंद कपाटात राहते. घातक रसायनांविषयीचे १९८९ चे नियम सांगतात की मोठ्या अपघाताचा संभव असलेल्या ठिकाणाभोवतीच्या लोकांना धोक्याचे स्वरूप आणि अपघात झाल्यास काय करावे, काय करू नये, हे कळवले पाहिजे. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यातही माहिती उघड करण्याची तरतूद आली. कायदा इतका स्पष्ट असताना तुमच्यापैकी कितींच्या घरी असे पत्रक आले आहे? रासायनिक औद्योगिक वसाहतीशेजारी राहणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर खाली जरूर लिहावे.

'माहिती उघड केली तर घबराट पसरेल, घातपात करणाऱ्यांना मदत होईल,' असे यावर सांगितले जाते. नकाशे आणि झडपांच्या जागा गुप्त ठेवा, त्याला हरकत नाही. पण टाकी शेवटची कधी उघडली, तळाचा किती भाग तपासला, शीतयंत्रणा वर्षात किती दिवस बंद होती, यांतून घातपात कसा होणार? घबराटीचे म्हणाल, तर ती अज्ञानातून होते. ७ मेच्या पहाटे लोक कोणत्या दिशेला पळायचे हेही न कळता पळाले.

तिसरा दोष आपला, म्हणजे वैज्ञानिकांचा. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान कोसळले आणि १२ जुलैला प्राथमिक अहवाल जनतेपुढे आला. त्यावर वाद झाले, तेही उचितच. रासायनिक अपघातांसाठी अशी कायमस्वरूपी, स्वतंत्र, अहवाल प्रसिद्ध करणारी राष्ट्रीय तपास संस्था आपल्याकडे नाही. अमेरिकेत ती १९९८ पासून कार्यरत आहे. आपल्याकडे दरवेळी नवी समिती नेमली जाते आणि तिच्याबरोबरच तिचे शहाणपण विसर्जित होते. अशी संस्था हवी, ही मागणी वैज्ञानिकांनी लावून धरायला हवी होती. आपण कृष्णविवरांवर व्याख्याने देत राहिलो. मीही दिली आहेत आणि त्यांची मला लाज नाही. पण आपल्या विभागांत क्षरणावर काम करणाऱ्याकडे 'ते काय, इंजिनिअरिंगचे काम' म्हणून पाहण्याची जी सवय आहे, तिची लाज वाटते. फेब्रुवारी महिन्यात विज्ञान दिन साजरा करणाऱ्या किती संस्थांनी २ डिसेंबरला एखादे तरी व्याख्यान ठेवले?

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. प्रत्येक टाकी वर्षा-दोन वर्षांनी उघडा, ही मागणी मी करणार नाही. टाकी रिकामी करणे, वायुमुक्त करणे, आत माणूस उतरवणे यात स्वतःचा असा धोका असतो, आणि तो बहुधा कंत्राटी कामगाराच्या वाट्याला येतो. जोखमीनुसार तपासणीचा कालावधी ठरवणे हे तत्त्व योग्यच आहे. अट एकच: जोखमीचा आकडा मोजणीतून यावा, सोयीतून येऊ नये.

म्हणून मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक प्रमाणपत्रावर तपासलेल्या क्षेत्राचे प्रमाण आणि मापनाची अनिश्चितता लिहिणे बंधनकारक करा. टाकीच्या सुस्थितीत पोलादाबरोबर आतले रसायन, शीतकरण, रोधक, झडपा, मापकांच्या जागा आणि भोंगा यांचाही समावेश करा; यातील एक जरी बंद असेल तर टाकी सुस्थितीत नाही असे लिहा. तपासणाऱ्याची नेमणूक आणि मानधन मालकाच्या हातून काढून सामाईक निधीतून करा. तपासणीचा सारांश स्थानिक भाषेत प्रसिद्ध करा. आणि रासायनिक अपघातांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय तपास मंडळ स्थापन करा.

शेवटी विद्यार्थ्यांशी थोडे बोलते. तुमच्यापैकी काही जण उद्या अशाच एखाद्या टाकीखाली उभे असाल. हातात उपकरण असेल, शिडी मोडकी असेल आणि संध्याकाळपर्यंत तीन टाक्या बाकी असतील. त्या वेळी जिथे मोजता आले नाही, तिथे मागचा आकडा उतरवू नका. त्या रकान्यात 'मोजले नाही' असे लिहा आणि खाली सही करा. नोकरीत याचा त्रास होईल, हे मला ठाऊक आहे. पण भिंतीपलीकडे जे झोपलेले असतात, त्यांच्या वतीने त्या वहीत खरे लिहिणारे तुम्ही एकटेच असाल.